दुसरा डायोड

लॅमिंग्टन रोडला तय्यबभाई काचेच्या बरणीतून
जर्मेनियमचे डायोड काढतात,
केशराच्या काड्या मोजाव्यात तसे.
"जुन्या रेडिओतले आहेत. दोन देतो. तिसरा मागायचा नाही."

घाटकोपरच्या खोलीत ओव्हरड्राइव्हचं पेडल
उताणं पडलंय, चार स्क्रू बशीत.
मूळचा आवाज वाईट नव्हता,
फक्त इस्त्री केलेला होता.

एक डायोड बसला.
दुसरा चिमट्याशिवाय धरला, तापला,
काचेला तडा.
म्हणून आता लाट वरून मऊ कापली जाते,
खालून तशीच, कंपनीच्या सिलिकॉनने, सपकन.

तार हळू छेडली तर स्वच्छ.
जोर दिला की चिरकते,
शेजारच्या आंग्रेबाईंसारखी.
तीस वर्षं पालिकेच्या शाळेत
साठ पोरांच्या गोंगाटावरून त्यांनी पाढे फेकले,
आता "चहा घेणार?" एवढं विचारतानाही
शेवटचं अक्षर हातून सुटतं.

भिंतीवर थाप पडली.
मी घाईने व्हॉल्यूम शून्यावर आणला.

"बंद कशाला केलंस?" पलीकडून.
"ते मघाचं वाजव ना. फाटकं."