पंच्याण्णव सेकंद

हेल्वे चक्रम आहे असं जिन्यातल्या सगळ्यांना वाटतं. वाटू दे.
तीस वर्षं तिनं पोहण्याच्या शर्यतींत वेळ घेतली.
अजून तेच स्टॉपवॉच, गळ्यात तीच दोरी,
फक्त आता ती मीटरसमोर स्टूल टाकून बसते,
गुडघ्यांवर शाल.
बाहेर टार्टू, उणे एकोणीस.

उद्याच्या विजेचे भाव इथं आजच दुपारी कळतात,
तासातासाचे.
ती ते कॅलेंडरवर पेन्सिलीनं उतरवते.
खिडकी वाऱ्यानं खडखडली की भाव पडतो,
मग राईचा पाव ओव्हनमध्ये,
पहाटे तीनला कपड्यांचं मशीन.
वारा पडला की मोज्यांवर मोजे.

वहीत सगळं आहे.
किटलीत पाणी एका कपापुरतंच.
बाथरूमची तापणारी फरशी बंद
(पायांनी तक्रार केली, नोंद घेतली).
जुना फ्रीज दिला, दोन माणसांनी खाली नेला,
ती खिडकीतून बघत राहिली.
एवढं करून महिन्याचा आकडा हटून बसलेला.
कुठंतरी गळतंय.

मग एका शनिवारी तिनं घरातला मुख्य खटकाच खाली ओढला.
नवा फ्रीज उसासा टाकून गप्प झाला.
ती जिन्यात आली, बसली.
मीटरच्या तोंडावरचा तांबडा ठिपका
आता मिटून जायला हवा होता.

लुकलुकला.
तिनं बटण दाबलं.

पंच्याण्णव सेकंदांनी पुन्हा.
दहादा मोजलं, दहाही वेळा तेच.
इतकं सारखं तिच्या एकाही पोरानं कधी पोहून दाखवलं नव्हतं.

हजार लुकलुकींचं एक युनिट.
वहीच्या मागच्या पानावर गणित: अडतीस वॅट,
रात्रंदिवस,
महिन्याला सत्तावीस युनिटं आणि वर चिमूटभर.
घरात सगळं बंद, आणि कुणीतरी जागं.

मीटरच्या पाठीमागून एक करडी वायर निघत होती
(ही इमारत बांधणाऱ्यांनी कुठली वायर कुठं जोडली
ते त्यांनाही ठाऊक नसावं).
भिंतीचा कोपरा धरून ती खाली उतरली,
तिच्यामागोमाग हेल्वे,
बोट वायरीवर, चार मजले, मग तळघर.

फळ्यांच्या फटींतून जांभळा उजेड.
आत व्हाम्बोला, दुसऱ्या मजल्यावरचा,
दह्याच्या रिकाम्या डब्यांवर ओणवा.
डब्याडब्यात दोन-दोन पानं.
फेब्रुवारीत!

"टोमॅटो," तो म्हणाला, चोरी पकडल्यासारखा.
"दिवा आधीपासूनच होता गं इथं. मी नुसता बल्ब बदलला.
वीज इमारतीची असेल असं वाटलं."
"माझी आहे," हेल्वे म्हणाली.

भांडता आलं असतं. आकडे तिच्या बाजूनं होते.
पण ती वाकून एक रोप बघत होती,
लांबुडकं, फिकट, दोऱ्यासारखं.
"रात्रीसुद्धा चालू ठेवतोस?"
"अंधारात एकटं वाटेल त्यांना."
"झोपू दे. न झोपलेलं पोर
दुसऱ्या दिवशी पाण्यात नुसतं तरंगतं."

सोमवारी तिनं टायमर आणला, स्वतःच्या पैशानं,
पावती वहीत चिकटवली.
संध्याकाळी चार ते बारा दिवा बंद.
तेव्हाच तर वीज सगळ्यात महाग,
आणि तळघरातल्या झाडांना कुठं माहीत
बाहेर किती वाजलेत?
त्यांची रात्र आता भाव बघून पडते.
व्हाम्बोला पहिले काही दिवस चारला खाली जाऊन
त्यांना काहीतरी सांगून यायचा.

वहीत जुलैच्या पानावर एक ओळ आहे,
तिच्यात युनिटांचा रकाना रिकामा, भावाचा रिकामा.
टोमॅटो, एक किलो दोनशे ग्रॅम.
आणि खाली, बारीक अक्षरात:
साल जरा जाड.