मीठ कमी

वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरताना
डावीकडे तातू गिरपची हातगाडी.
पैज हरला म्हणून एकदा त्याने
सुक्या बांगड्याची कुल्फी केली,
वर कोकमाचं आगळ, काडीऐवजी माडाचा हीर.

कुणीतरी पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढला.
चौथ्या दिवशी पुण्याच्या गाड्या
मासळीबाजारापर्यंत उभ्या.

लोक येतात. आधी फोन चाटतो, मग ते.
डोळे मिटतात, तोंड वेडंवाकडं करतात,
पुन्हा करतात,
कारण पहिल्यांदा चेहऱ्यावर ऊन नव्हतं.
मग कुल्फी कठड्यावर.
जेटीवरची मांजरं एवढी सुटलीत
की होडी लागली तरी उठत नाहीत.

तातू सांगून बघतो, "पिस्तापण आसा."
पिस्ता कुणाला नको.
रात्री बायको हिशेब करते
तेव्हा नोटांनाही वास येतो.

काल लिलाव आटपून पारू तांडेल आली.
पाटी उतरवली, पदराला हात पुसले,
सुटे पैसे दोनदा मोजून दिले.
फोन होता तिच्याकडे. कनवटीला, बंद.
कठड्यावर बसली आणि खाल्ली,
सगळी,
घाईगडबड नाही, जसा पेजेबरोबर बांगडा खावा.
हीरसुद्धा चोखला.
रांग गप्प. अकरा कॅमेरे तिच्याकडे वळलेले.

"कशी?" तातूने विचारलं.
पाटी डोक्यावर चढवत ती म्हणाली,
"मीठ कमी आसा."

आणि तातू,
ज्याने दोन महिन्यांत
एकही कुल्फी स्वतः चाखली नव्हती,
गाडीखाली वाकून
चमचा शोधू लागला.