समोच्चरेषा

यवतेश्वरच्या चढाला बस निघायची होती त्या सकाळी
मी आफरीन मुलाणीला म्हणाले,
"तू थांब. विभागात कुणीतरी हवंच.
फोन आला तर घे."
वाटलं, सांभाळूनच घेतेय तिला.
कुबड्या, पठारावरचा जांभा, वरचा वारा,
सगळी कारणं माझ्याकडे तयार होती.
तिनं एकही विचारलं नाही.
रहिमतपूरहून पहिल्या एसटीनं आली होती ती,
सहलीचा डबा घेऊन.

घाटात, कापलेल्या कड्याशी
अंकुश धोत्रे उकिडवा बसून
दगडावर दगड वाजवत होता.
"बेसाल्ट," मी म्हटलं, "कठीण, एकसंध."
"ह्यो खोटा बोलतोय मॅडम, आतनं तडकलाय.
आमचा आजा आवाजावर दगड घ्यायचा."
वर्ग हसला.
मीही, थोडं.
वहीत त्यानं लिहिलं ते मात्र मी सांगितलेलंच.
पाचपैकी तीन दिले.

सोमवारी अहवाल आले. चाळीस वह्या,
एकच प्रस्तावना, कासच्या फुलांचा एकच फोटो.
खाली आफरीनचा.
"अगं, तू तर नव्हतीस."
"होते की मॅडम. इथंच."

ड्रॉइंग शीट, काळी शाई, उत्तरेचा बाण.
प्रमाण: एक सेंटिमीटरला एक मीटर.
समोच्चरेषांमधलं अंतर: एक पायरी.
फाटकापासून भूगोल विभागापर्यंत एक्केचाळीस रेषा,
जिन्याच्या वळणावर इतक्या चिकटलेल्या
की तिथं कडाच तयार झालेला.
नॅकची समिती येणार म्हणून बांधलेला उतार,
त्यावर शोभेच्या तीन कुंड्या,
आणि उतार संपतो तिथं
पुन्हा एक पायरी.

सूचीत लिहिलं होतं:
लाल त्रिकोण – इथं नलवडे मामा दप्तर घेतात.
ठिपके – इथं मी थांबते, बाकीच्यांना पुढं जाऊ देते.
निळा गोल – पिण्याचं पाणी.
(मुलींचं स्वच्छतागृह मागच्या इमारतीत,
म्हणून कॉलेज सुटेपर्यंत पीत नाही.)
कोरी जागा – स्टाफरूम. सर्वेक्षण झालेलं नाही.

चोवीस वर्षं मी फळ्यावर सांगत आले,
रेषा जवळ आल्या की उतार तीव्र.
चोवीस वर्षं त्याच जिन्यानं,
हातात खडू, काखेत हजेरीपट,
आणि पायऱ्या किती ते मला माहीत नव्हतं.

घोरपडे सरांनी शीट उलटसुलट पाहिली.
"काम नेटकं आहे. पण बसवायचं कुठल्या रकान्यात?"
रकाना नव्हताच.
मी समासात मार्क लिहिले, सही केली,
आणि बराच वेळ पेन बंद करायचं विसरले.

विभाग तळमजल्यावर हलवण्याचा अर्ज
कार्यालयात आहे. विचाराधीन.
तोवर मंगळवारचं प्रात्यक्षिक
सायकल स्टँडच्या पत्र्याखाली.
टेबलं अंकुश आणि मामा उतरवतात,
पाऊस आडवा आला की नकाशे पोटाशी धरायचे.
अंकुशचे ते तीन मार्क मी खोडले नाहीत,
आता खोडून काय होणार.
त्याच्याकडून दगड ऐकायला शिकतेय.
अजून मला सगळेच खरे बोलताना ऐकू येतात.

आफरीन पुढं शिकायला कोल्हापुरात गेली.
फोनवर विचारलं, तिथं कसं आहे?
म्हणाली, "मोजणी चालू आहे."

तिची शीट वर भिंतीवर आहे,
सातारा जिल्ह्याच्या नकाशाशेजारी.
बाहेरचे परीक्षक येतात,
चष्मा पुसतात, दाट रेषांवर बोट ठेवतात.
"अवघड दिसतोय. कुठला किल्ला हा?"
त्यांना अजून धाप लागलेली असते.
मी आधी पाणी देते.