जुसेलियाची नखं

बेलेमच्या बंदरामागं, मासळीबाजाराच्या गल्लीत
माझं दुकान. दोन खुर्च्या, एक पंखा,
आणि निळ्या उजेडाची पेटी, जिच्यात
बायका बोटं घालून मिनिटभर गप्प बसतात.
तेवढ्याच काय त्या गप्प.

वकीलबाईंची बदामी, कोळंबीवालीची लालभडक,
नवरीच्या अनामिकेवर मी तांदळाएवढा मोती बसवते.
या नखांवरच घर चाललं,
लेकीचं नर्सिंगही नखांवरच झालं.

आणि तिची?
बोडकी, मांसालगत कापलेली.
शेजारीण इरासेमा म्हणायची,
हलवायाची पोर उपाशी.

ऑक्टोबरात, देवीच्या मिरवणुकीआधी, मीच हट्ट धरला.
एका दिवसासाठी, म्हटलं.
तिनं हात पुढं केला,
लहानपणी काटा काढायला करायची तसा.
बिनरंगाचं जेल लावलं. नखभरच लांब.

सोमवारी काढायचं होतं.
रविवारी रात्रीच वॉर्डातून फोन आला, माणसं कमी आहेत.
तिनं वर हातमोजे चढवले.

तिच्याकडंही निळ्या उजेडाच्या पेट्या आहेत.
आत काविळीची, किलोभराची बाळं,
सातव्यात आलेली,
ज्यांची नखं अजून
बोटाच्या टोकाशी पोचलेली नसतात.

वाल्दिरेने नावाची बाई तिथं संसर्गावर नजर ठेवते.
तिनं सगळ्यांची बोटं
काचेच्या बशीतल्या खळीवर टेकवून घेतली.

दोन दिवसांनी जुसेलियानं मोबाइल माझ्यापुढं धरला.
गोल बशी, पाच ठिपके,
कडेनं पसरत गेलेली हिरवट झाक, मोरपिसासारखी.
छान आहे गं, मी म्हटलं, कुणी काढलं?

"तू."

चार नंबरच्या पेटीतलं बाळ तापलं होतं.
यामुळंच, असं कुणी म्हणालं नाही.
यामुळं नाही, असंही कुणी म्हणालं नाही.
गळ्याला नख लावणं म्हणतात,
ते मी आजवर नुसतं बोलण्यात ऐकलेलं.

अकराव्या दिवशी ताप उतरला.
मी मेणबत्ती लावून आले,
कुणाला सांगितलं नाही.

दुकान चालूच आहे. वकीलबाई येतात, नवऱ्या येतात.
परवा एक परिचारिका आली, गुलाबी हवी म्हणाली.
कुठल्या वॉर्डात, मी विचारलं.
ती उठून गेली. पुढच्या गल्लीत करून घेतली असणार.

रविवारी शटर ओढलं की
जुसेलिया खुर्चीत बसते.
मी कानस फिरवते, भुकटी फुंकते.
अजून थोडं, ती म्हणते.
रक्त येईल गं.
अजून थोडं.