झाकणाच्या आतल्या बाजूला

कुडचड्याला, रेल्वे फाटकाच्या अलीकडे
बोस्त्यांवच्या गॅरेजात माझी गाडी दोन दिवस उघडी आहे.
उजवं चाक काढलेलं, इंजिन लाकडी ठोकळ्यावर टेकलेलं,
आणि पट्ट्यावरचं काळं झाकण माझ्या हातात.
आतून पांढऱ्या रंगाने कुणी लिहिलंय:
बेल्ट बदलला. ६१,२४०.

मेहुणा खोटं बोलला नव्हता तर.
गाडी विकताना म्हणाला होता, काम केलंय सगळं,
डोळे मिटून चालव.

रिवण, नेतुर्ली, केपे.
उपाशीपोटी बसलेल्या माणसांच्या दंडाला पट्टा बांधायचा,
नळ्या बर्फाच्या डब्यात,
डबा साडेदहाच्या आत मडगावला.
चार वर्षं चालवली, डोळे मिटून नाही,
पण हे झाकण कधी उघडलं नाही.

बोस्त्यांवने टेन्शनर माझ्या कानाशी धरला.
‘आयक बाय.’
फिरवला. चणे भाजायची वाळू
कढईत हलवावी तसा आवाज.
बेल्ट बदलला, हे खरं.
फक्त बेल्ट बदलला, हेही खरं.
जुन्या रहाटावर नवी दोरी.
पंपाखाली गुलाबी पाण्याचा सुकलेला ओघळ,
किती दिवसांचा, देव जाणे.
‘तुटला असता तर?’ मी विचारलं.
त्याने दोन्ही हातांच्या मुठी
एकमेकींवर आपटल्या.

काल मडगावला लोटलीकरांच्या दुकानात
काउंटरवर तीन डबे.
पहिला कंपनीचा, चमकत्या शिक्क्याचा, आठ हजार चारशे.
दुसरा, कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्याचाच,
पण त्यांच्या स्वतःच्या नावाचा, पाच हजार नऊशे.
तिसरा अठराशे. नावात एक अक्षर जास्त.
शेठचा मुलगा म्हणाला,
मॅडम, आत सगळं सारखंच रबर.

अकरा वर्षं मी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवतेय.
आत सगळं सारखंच लाल असतं.

पहिला घेतला. महाग ते बरं असणार,
हा हिशेब नव्हता, भीती होती.

बोस्त्यांवने डबा उघडला. रबराचा वास घेतला.
पुली बोटावर ठेवून टिचकी मारली.
ती फिरली, फिरत राहिली,
भोवऱ्यासारखी, मला कौतुक वाटेपर्यंत.
‘नवं बेअरिंग एवढं मोकळं फिरत नाही.
आत ग्रीस असेल तर ते थोडं अडतं.’
नखाने चमकता शिक्का सोलला.
खाली दुसराच शिक्का, अर्धा फाटका.
‘डबो बरो आसा,’ म्हणाला.
त्यापुढे काही बोललाच नाही.

आज परत मडगाव, दिराच्या स्कूटरवर,
बर्फाच्या डब्यात नळ्यांशेजारी
कपड्यात गुंडाळलेली ती पुली.
या वेळी म्हातारे शेठ स्वतः बसले होते.
त्यांनी टिचकी मारली, ऐकलं, मुलाकडे पाहिलं.
मुलगा चहा सांगायला गेला तो गेलाच.
शेठनी स्टुलावर चढून दुसरा डबा काढला,
पंप वेगळा, पुसून दिला.
पुली इथे फिरवून पाहिली, थोडी अडली, थांबली.
पावती आधी मागितली. काल मागितली नव्हती.

संध्याकाळी खुणा जुळल्या.
वरच्या चाकाची रेघ, खालच्या चाकाचा ठिपका.
किल्लीला हात लावायच्या आधी
त्याने इंजिन पान्याने फिरवलं,
दोन पूर्ण फेऱ्या, सावकाश,
अडलंच तर हाताला कळावं म्हणून.
खुणा पुन्हा तिथेच आल्या.

मग ब्रश माझ्याकडे दिला.
मेहुण्याच्या आकड्याखाली लिहिलं:
९८,११५. बेल्ट. टेन्शनर. आयडलर. पंप.
ब्रशात रंग उरला होता.
वरचं ऑइल सील नाही बदललं. पैसे संपले.

बोस्त्यांवने वाचलं.
‘हेंय बरयलें?’
मी मान हलवली.
रंग सुकेपर्यंत तो थांबला,
पाच बोल्ट तळहातावर घेऊन.