आधी संध्याकाळ

मे महिन्यातला रविवार. सदरच्या चर्चमागची खोली.
कूलरची टाकी कोरडी, पंखा नुसताच गरम हवा ढवळतोय.
नऊ वर्षांची दबोरा उजागरे बोट वर करते:
"सर, सूर्य चौथ्या दिवशी केला ना?
मंग पहिले तीन दिवस मोजले कोनं?"

पोट्टे हसतात. मी हसत नाही.
तिच्याएवढा असताना मीही हेच विचारलं होतं,
तेव्हा उत्तराऐवजी एक संत्रागोळी मिळाली होती.

सोमवार सोडून रोज मी तारांगणात असतो.
(सहा दिवस काम, एक दिवस सुट्टी;
त्यात अर्थ शोधायचं मी केव्हाच सोडलंय.)
दार लागतं, शाळेची लेकरं किंचाळतात,
मी बटण फिरवतो
आणि घुमटावर संध्याकाळ होते.
सीताबर्डीच्या टेकडीमागे सूर्य बुडतो,
काळोख भरत जातो, मग एकेक तारा.
पंचेचाळीस मिनिटांनी पूर्वेकडून
मी हळूच पहाट सोडतो.

आधी संध्याकाळ, मग सकाळ: झाला एक खेळ.
अठरा वर्षं हेच करतोय,
आणि त्या पहिल्या पानावरचा दिवसही असाच मोजलाय
हे मला कळलं
दबोराच्या शाई लागलेल्या बोटाकडे बघताना.

बाबांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.
अजनीच्या शेडमध्ये कायमची रात्रपाळी;
दिवेलागणीला आई डबा भरायची
तेव्हा त्यांचा दिवस सुरू व्हायचा.
सकाळी काळ्या हातांनी यायचे,
"झाला दिवस," म्हणायचे, आणि झोपायचे.

सुट्टीच्या रात्री मात्र झोप लागायची नाही त्यांना.
कार्यक्रम संपल्यावर टीव्हीवर मुंग्या यायच्या,
त्या मुंग्यांसमोर बसून राहायचे, आवाज बारीक करून.
काय बघत होते कोण जाणे.
शंभरातली एखादी मुंगी
तेरा अब्जांहून जास्त वर्षं चालून आली होती,
आमच्या क्वार्टरच्या गच्चीवरच्या वाकड्या अँटेनात शिरली होती,
हे मला फार उशिरा कळलं. तोवर टीव्ही भंगारात गेला होता.

"सूर्याच्या आधीही उजेड होता," मी दबोराला सांगतो.
"सगळीकडे तापलेलं धुकं होतं, ते निवळलं,
आणि उजेड मोकळा सुटला.
तेव्हा आकाशात एकही तारा नव्हता."
तिचे डोळे मोठे होतात.
"म्हंजे बरोबर लिहिलं हाय!"

इथे हो म्हणता आलं असतं.
पाळकसाहेब दारात उभे होते, खूश झाले असते.
पण तिसऱ्या दिवशीची झाडं? तीही फळांसकट, सूर्याआधी?
काटोलला कुठल्याही बागेत विचारा,
उन्हाशिवाय संत्र्याला बहर धरतो का.

"तंतोतंत नाही," मी म्हणतो. "ते हजेरीबुक नाही, पोरी."
मग काय आहे, हे सांगताना मी अडखळतो.
मला वाटतं, घरदार जळलेली माणसं असतील,
परमुलखात, परक्यांच्या देवळांच्या सावलीत,
आणि रात्री लेकरं रडत असतील.
तेव्हा कुणीतरी म्हणालं असेल,
अंधार म्हणजे शेवट नाही रे,
दिवस इथूनच सुरू होतो.

लाइट जाते. पंखा फिरत फिरत थांबतो.
अंधाऱ्या खोलीत दबोराचा आवाज:
"ते ठीक हाय सर. पन मोजले कोनं?"

मला माहीत नाही, दबोरा.

बाबा गेले ते संध्याकाळी, सहा चाळीसला,
मेडिकलच्या आठ नंबर वॉर्डात.
नर्सनं वेळ लिहिली, तारीख लिहिली, सही केली.
खिडकीबाहेर झाडावर बगळे परतत होते.
मी पलंगाच्या कडेला हात टेकून उभा,
आणि माझं बोट लोखंडावरून आपोआप फिरत होतं,
ते बटण शोधत.