थोडक्यात

होटगी रोडला, पत्र्याखालच्या वर्गात
बिराजदार सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर
विमान नाही काढलं. खिळा काढला.
"हा धोका. पडलाय, एवढंच.
आता इथून अनवाणी पोरं दिवसातून किती वेळा जातात,
आणि पाय पडला तर पुढं काय,
ती जोखीम."
आम्ही एकवीस जणांनी वहीत खिळा काढला.
एकाचा फारच सुंदर आला.

मग चौकटी. पाच उभ्या, पाच आडव्या,
शक्यता इकडून, नुकसान तिकडून,
हिरवं, पिवळं, कोपऱ्यात लाल.
सगळ्यांना तक्ता दिसला.
मला चादर:
ताणा, बाणा, आणि कोपऱ्यातला तो लाल
जो धुऊन उतरत नाही.

पहाटे सरावाच्या पट्टीवर रांगेनं चालायचं,
खांद्याला खांदा, मान खाली,
ज्वारी निवडतात तसं डांबर निवडायचं.
एक वॉशर. बाटल्यांची दोन झाकणं.
गड्ड्याच्या जत्रेतला विझलेला फुगा,
जानेवारीपासून कुठंकुठं फिरून आलेला.
"इंजिनाला भूक फार," सर म्हणाले,
"आणि चव नाही."

गृहपाठ एका ओळीचा:
घडता घडता राहिलेलं लिहा.

आपण त्याला थोडक्यात वाचलो म्हणतो.
थोडक्यात वाचलो, सिद्धेश्वराला नारळ फोडतो,
वाटीभर खोबरं शेजारी देतो,
आणि वाचलो कशातून, ते
करवंटीबरोबर टाकून देतो.
आमच्या घरात तर एकच शब्द पुरतो, तेलुगूतला: पोनी.
जाऊ दे.

मी नान्नांच्या मागाचं लिहिलं.
उभा धागा तुटला की एक पातळ पत्ती खाली पडते
आणि माग आपोआप थांबतो.
मुकादमानं ती व्यवस्था तारेनं बांधून ठेवली,
कारण थांबलेल्या मागाला मजुरी नसते.
तार बांधली त्या दिवशी काही झालं नाही.
दुसऱ्या दिवशी नाही. दिवाळीपर्यंत नाही.
मग सगळे तारेला मागाचाच भाग समजू लागले.
एका रात्रपाळीत धागा तुटला, गुंतला, धोटा उडाला,
नान्नांच्या कानाजवळून जाऊन भिंतीत रुतला.
त्या भोकात नान्नांनी खुंटी ठोकली.
डबा अडकवतात.

सरांनी वाचलं. चष्मा पुसला.
"चांगलं आहे. पण हे वडिलांचं.
तुझं?"

माझं.
गुरुवारी तपासणीच्या तक्त्यावर
आग विझवायच्या आठही नळकांड्यांपुढं मी बरोबरची खूण केली.
पाहिली होती सहा.
ऊन होतं. आदल्या दिवशी सगळे काटे हिरव्यात होते.
शुक्रवारी नियामतला आठव्याचा काटा लालात दिसला.
त्यानं माझी खूण ओळखली
आणि काही बोलला नाही.
मैत्रीच म्हणायची.
तारेसारखी.

रात्री कोरा फॉर्म घेऊन बसले.
अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.
"कुणाला लागलं का?"
नाही.
"काही जळलं?"
नाही अम्मा.
"मग काही झालंच नाही की. लिहितीस काय?"

काही झालं नाही, तेच लिहितेय.

तिनं दातानं दोरा तोडला, पुढचं पान घेतलं.
पलीकडच्या गल्लीत माग चालू होता, खटाखट, न थांबता,
इतका वेळ न थांबता
की मी पेन उचलून ऐकत राहिले.

शेवटचा रकाना: नाव. ऐच्छिक.

येमूल पद्मजा अंबादास.
मग आठवलं, वेळही लिहायची असते.
गुरुवार, दुपारी दोन चाळीस.
सावली सहाव्या नळकांड्यापाशी संपत होती.